वडथडीच्या मोटारींची बारी

वडथडीत कुणाच्या विहिरीवरची मोटार जळाली की ती बैलगाडीत पडून थेट महानंदाअक्काच्या ओसरीवर यायची. अक्का झाकण काढायची, आत नाक घालून वास घ्यायची आणि मालकाला तोंडावर सांगायची, "विहिरीतलं पानी सपलं व्हतं, आन् तुमी झाडाखाली झोपले व्हते." मालक मान खाली घालायचा, कारण बहुतेक वेळा ते खरं असायचं. जेव्हा खरं नसायचं तेव्हाही अक्काचा आवाज असा असायचा की माणसाला वाटावं, झोपलोच असू आपण.

अक्का मूळची परळीची. तिचे वडील नागप्पा तिथं मोटारींचं वायंडिंग करायचे, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायचे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून कामात हाताखाली लेक घेतली. आणि एकदा घेतल्यावर ती हाताखाली राहिली नाही, डोक्यावर बसली. लग्न होऊन ती गोदाकाठच्या वडथडीला आली तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर तांब्याच्या तारेचं एक रीळही आलं. नवरा चंद्रप्पा किराणा दुकान चालवायचा. त्याचं बोलणं मोजकं, वजनाच्या काट्यावर तोलून दिल्यासारखं. गावात लोक चेष्टेनं म्हणत, दुकान चंद्रप्पाचं अन् आवाज अक्काचा. चंद्रप्पा हे ऐकून हसायचा. त्याला त्यात काही खोटं दिसत नव्हतं.

पहाटे अंघोळ, मग गळ्यातल्या लिंगाची पूजा, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, आणि मग ओसरीवर जळक्या तारांचा ढीग. बाईमाणसानं मोटार उघडावी हे गावाला पहिल्यांदा पचलं नाही. पण तिनं बांधलेल्या पहिल्या दोन मोटारींनी उन्हाळा काढला आणि गावाच्या पोटातलं सगळं आपोआप पचलं. सोनपेठच्या बाजारातसुद्धा तिला लोक ओळखायला लागले. ती कुणालाच "बघते, जमलं तर" असं म्हणायची नाही. "हुईल" म्हणायची, नाहीतर "भंगारात घाला" म्हणायची. मधलं काही तिच्याकडं नव्हतंच.

त्या वर्षी, म्हणजे विद्यापीठाच्या नामांतराचा वाद मराठवाड्यात अजून धुमसत होता त्या काळात, वडथडीचा डीपी जळाला. डीपी म्हणजे शिवारातल्या सगळ्या मोटारींना लाईट देणारी ती खांबांवरची लोखंडी पेटी. ती जळाली यात नवल काहीच नव्हतं. लाईट लहरी होती. यायची, जायची, परत यायची. तिची वाट बघत स्टार्टरपाशी कोण बसणार? म्हणून जो तो स्टार्टरच्या हिरव्या बटनात काडीपेटीची काडी खोचून घरी जायचा. बटन दाबलेलंच राही. लाईट आली की मोटार आपसूक सुरू. युक्ती झकास होती, फक्त ती सगळ्यांनाच सुचलेली होती. लाईट आली रे आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एका दमात उठायच्या. उठताना मोटार चालण्यापेक्षा कितीतरी जास्त ओढते. एका दारातून अख्खं लग्नाचं वऱ्हाड घुसावं तसं व्हायचं. डीपी कण्हायचा, फ्यूज उडायचा, आणि एक दिवस आतलं तेल उकळून धूर निघाला.

दिवाळी होऊन गेलेली, गहू घोट्याइतका वर आलेला. गावानं ऑफिसात खेटे घालून, हातापाया पडून दुसरा डीपी आणला. तो खांबावर चढवून वायरमन खाली उतरला आणि हात पुसत म्हणाला, "हा जळाला तर पुढचा हंगामानंतर. मग माझ्या नावानं बोंब मारू नका." म्हणजे हा डीपी गेला की गहू गेला. हे समजायला कुणाला शाळेत जायची गरज नव्हती.

त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. पाटील दिनकरराव मध्यभागी होते. दिनकरराव दणकट गडी, मनानं वाईट नाही, पण आपण ज्या बाजूला बसू ती मधली, अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत. अक्का पाराच्या कडेला उभी राहिली आणि कुणी विचारायच्या आत बोलली.

"काड्या काढून फेका. परभनीत टायमरचे डबे मिळतेत. लाईट आली की डबा उलीसा थांबतो, मग मोटार उठवतो. किती थांबायचं ते डब्यावरच्या काट्यानं लावायचं. एकाचा काटा कमी, दुसऱ्याचा त्याच्याहून जास्त, तिसऱ्याचा अजून जास्त. एकामागं एक उठतील. डीपीला काई व्हनार न्हाई. जिम्मा माझा."

"आन् झालं तर?" कुणीतरी विचारलं.

"झालं तर म्या वायंडिंग सोडून चंद्रप्पाच्या दुकानात गूळ तोलीत बसंन."

एवढी मोठी शपथ ऐकल्यावर शंका मिटली आणि लगेच खरा प्रश्न उठला: पहिली मोटार कुणाची? दिनकरराव खाकरले. त्यांचे चुलतभाऊ माणिकराव त्यांच्यापेक्षा मोठ्यानं खाकरले. दोघांच्या विहिरी शेजारी, मोटारी सारख्या, आणि भाऊबंदकी आजोबांपासूनची. आवाज चढायला लागले तेव्हा अक्कानंच तोड काढली.

"भांडता कशाला? पोळ्याला वेशीतून बैल ज्या मानानं निघतेत, त्याच मानानं मोटारी उठू द्या की."

वा! अख्ख्या पारानं माना डोलावल्या. पोळ्याचा मान पिढ्यान् पिढ्यांचा, त्यावर बोलायची सोय नव्हती. तोरणाखालून पहिले बैल पाटलाचे, मग भावकीचे, मग बाकीच्या कुणब्यांचे, मग चंद्रप्पासारख्या दुकानदारांचे. वाजंत्री परत फिरली की मग गावाबाहेरच्या दलित वस्तीतले बैल निघायचे. त्या डीपीवर वस्तीतल्या एकाचीच मोटार होती, आश्रुबाची. तिचा नंबर शेवटचा लागला. कुणी लावला असं म्हणता येणार नाही. तो जणू आधीच लागलेला होता. अक्कालाही त्यात खटकलं काही नाही, आणि तोडगा आपल्याला सुचला याचा तिला भारी आनंद झाला होता.

चंद्रप्पा परभणीला जाऊन एस.टी.च्या टपावर डब्यांची पेटी घेऊन आला. अक्कानं विहिरी-विहिरीवर फिरून डबे बसवले, स्वतःच्या हातानं काटे लावले. पहिल्याच आठवड्यात फ्यूज उडाला. अक्का पदर खोचून निघाली आणि एकेक डबा तपासत माणिकरावांच्या विहिरीवर थांबली. त्यांनी आपला काटा हळूच शून्यावर आणून ठेवला होता, म्हणजे पाटलाच्या बरोबरीनं. दिनकररावांनी ते ऐकलं आणि भर चौकात भावाचा उद्धार केला. "गावाशी बेइमानी हाय ही! सगळ्यांच्या गव्हाशी खेळ हाय!" माणिकराव चार दिवस पारावर आले नाहीत. अक्कानं मात्र भाषण केलं नाही. वायंडिंगला लावायच्या वॉर्निशचा एकेक थेंब तिनं प्रत्येक काट्याच्या बुडाशी टाकला. वाळल्यावर काटा हलवायचा तर थेंब फुटणार, आणि फुटला की अक्काला दिसणार. मग कुणाचा हात गेला नाही.

आणि काम जमलं. लाईट आली की पाटलाची मोटार घुमायची, मग माणिकरावांची, मग पुढची, मग त्याच्या पुढची. ओसरीवर बसून अक्का कान देऊन ऐकायची. कुठल्या विहिरीवरची कुठली मोटार उठली हे तिला आवाजावरून कळायचं आणि ती चंद्रप्पाला सांगायची. चंद्रप्पा मान हलवायचा. शेजारच्या गावांचे लोक डबे बघायला येऊ लागले. अक्का त्यांना सांगायची, "मोटारीला झोप आपसूक लागती. उठवायला मात्र शिस्त लागती." हे वाक्य तिचं तिलाच फार आवडलं होतं.

गहू पोटरीत आला तेव्हा एका दुपारी आश्रुबा ओसरीपाशी आला. आश्रुबाचं रान नदीच्या अंगाला, एक अरुंद पट्टी. त्यानं अर्ध्या तालुक्याच्या विहिरी खोदल्या होत्या आणि सगळ्यात शेवटी स्वतःची खोदली. माणूस उंच, शब्दाला जपून. वस्ती आणि गाव त्या दिवसांत कामापुरतंच बोलत. अठ्ठ्याहत्तर सालच्या दंगलीचं भय वस्ती विसरली नव्हती, आणि गावाला ते आठवायचं नव्हतं. तो पायरीपाशी उभा राहिला.

"जयभीम अक्का. तुमचं काम चोख हाय. पन माझी मोटार तुमच्या कामात कवाच उठत न्हाई."

अक्काला मिरची झोंबली. "मोटारीत खोट असंल. आना हिकडं, उघडून बगते."

"मोटार नवी हाय. तुमी रानात या."

"येते की! भेते का काय?"

चंद्रप्पानं चहा आणला. कुठल्या कपात द्यावा यावर तो दाराआड थोडा घुटमळला होता, हे अक्कानं पाहिलं. तिनं स्वतःपुढचा कप उचलला आणि आश्रुबापुढं ठेवला. आश्रुबानं दोघांकडं पाहिलं आणि शांतपणे चहा प्यायला.

रानात गेल्यावर अक्कानं आधी डबा पाहिला. वॉर्निशचा थेंब जसाच्या तसा. मोटार पाहिली, जोडणी पाहिली. सगळं ठाकठीक. नदीकडच्या वाफ्यांत गव्हाला थोडी हिरवाई होती, पण विहिरीच्या वरच्या अंगाचा गहू पिवळा पडून मान टाकायला लागला होता. आश्रुबाची बायको बायनाबाई घागरीनं पाणी आणून त्यातल्या चार ओळींना घालत होती. गव्हाला घागरीनं पाणी! अक्का बांधावर बसली.

लाईट आली. लांब पाटलाची मोटार घुमली, मग माणिकरावांची, मग पुढची. अक्का प्रत्येक आवाजाला मान हलवत होती; तिची माळ ओळीनं ओवली जात होती. चंद्रप्पाची मोटारही उठली. आता आश्रुबाच्या आधी दोनच उरल्या. आणि लाईट गेली. थोड्या वेळानं परत आली. परत पाटील, परत माणिकराव, परत सगळी ओळ पहिल्यापासून. परत लाईट गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा आश्रुबाच्या डब्यातून बारीक टक् असा आवाज आला, मोटार गुरगुरली, नळाच्या तोंडाशी पाण्याची गुळणी आली, आणि लाईट गेली.

अक्काला आता सगळं लख्ख दिसलं. लाईट गेली की प्रत्येक डबा आपला हिशेब विसरायचा आणि नव्यानं थांबायला लागायचा. पुढच्याचं थांबणं थोडं, त्याला दर वेळी पाणी मिळायचं. मागच्याचं थांबणं लांब, त्याला दर वेळी पहिल्यापासून थांबावं लागायचं. पोळ्याला शेवटचा बैलसुद्धा वेशीतून जातो; उशिरा जातो, पण जातो. इथं शेवटच्याची वेस कधी येतच नव्हती. आणि हा मान तिनं लावला होता. रोज सकाळी जिच्या ओठांवर बसवण्णांचं नाव, जिच्या घरात लहानथोर मानायचं नाही अशी शिकवण, तिनं. अक्काला स्वतःचा इतका राग आला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही.

"पेरनीपासून असंच चाललंय?" तिनं विचारलं.

"डबे बसवल्यापासून."

"मग आधी कामून न्हाई आले?"

"वाटलं, लाईट सुधरंल. आन् गावाला काई सांगायचं म्हंजी, अक्का, आधी आमच्यातच खोट काढतेत." तो किंचित हसला. "तुमीबी काढलीच की."

अक्कानं ते गिळलं. गिळण्यासारखंच होतं. मग तिनं डब्याकडं बोट दाखवलं. "काटा शून्यावर आनला असता तर लाईट आल्याबरूबर तुमची मोटार उठली असती. वॉर्निश काय, नखानं निघतं."

"माहीत हाय. दोनदा हात नेला व्हता," आश्रुबा म्हणाला. "पन पाटलाची आन् माझी एका दमात उठली आन् डीपी गेला, तर सगळ्यांचाच गहू जातो. माझ्या एकट्याचा जातोय तो जाऊ द्या, मनलं."

बायनाबाई घागर घेऊन तिथंच उभी होती. ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "म्या तर मनत व्हते, करा शून्य." आणि परत विहिरीकडं वळली.

अक्का उठली. तिचा निर्णय झाला होता, आणि अक्काचा निर्णय झाला म्हणजे बाकीच्यांचाही झाला असं ती धरून चालायची. "उद्यापासून तुमची मोटार पैली. कायमची. कोन काय मनतंय बगते म्या."

"न्हाई अक्का."

"न्हाई म्हंजी?"

"कायमचं पैलं कुनालाच नका करू. आज मला कराल, उद्या दुसरा कुनी शेवटाला बसून गहू वाळवंल. बारी लावा. दर बाजाराला नंबर फिरवा. पैला तो शेवट, दुसरा तो पैला. मग कुनाचा उपकार बी न्हाई, आन् कुनाचा मान बी न्हाई."

डबे अक्कानं सुचवले, काटे तिनं लावले, आणि गोष्ट मात्र आता पुरी झाली होती, तीही दुसऱ्याच्या तोंडून. तिला हे कबूल करायला एरवी आठवडा लागला असता. त्या दिवशी विहिरीपासून रस्त्यापर्यंत चालायला लागला तेवढाच वेळ लागला.

संध्याकाळी पारावर तिनं गाव गोळा केलं. या वेळी आश्रुबा पाराच्या पुढ्यात उभा होता. अक्का बोलायला लागली तेव्हा लोकांना वाटलं, कुणीतरी काटा फिरवला आणि आता कुणाची तरी धिंड निघणार. ती म्हणाली, "चूक झाली. माझी झाली." हा शब्द अक्काच्या तोंडून गावानं पुष्कळदा ऐकला होता, पण नेहमी दुसऱ्याच्या नावावर. पार एकदम सावरून बसला.

तिनं रानात पाहिलेलं सगळं सांगितलं. बारीचं सांगितलं, आणि ही युक्ती आश्रुबाची आहे हेही सांगितलं. नदीकडचा गहू अजून वाचण्यासारखा आहे, म्हणून पहिली बारी आश्रुबाच्या मोटारीपासून, असंही सांगितलं.

दिनकररावांच्या कपाळाला आठी पडली. "म्हंजी पोळ्याचा मान मोडायचा मनता?"

"पोळ्याचा मान पोळ्याला. बैल वेशीतून वर्साला एकदा जातेत, लाईट दिवसातून धा येळा जाती. दर येळंला तुमचाच मान पैल्यापासून सुरू, मग शेवटचा वेशीत पोचायचा कवा?"

"आमच्या बापजाद्यानं..."

"तुमच्या बापजाद्याच्या विहिरीवर मोट व्हती, पाटील. मोटंला काटा नव्हता."

कुणीतरी फिस्सकन हसलं. दिनकरराव लाल झाले. अक्कानं आवाज खाली आणला. तिचा खालचा आवाज वरच्यापेक्षा जास्त ऐकू यायचा. "बगा, जबरदस्ती न्हाई. ज्याला बारी नको त्यानं काटा आपला आपन लावावा. पन मग त्याची मोटार जळली तर ती माझ्या ओसरीवर आनायची न्हाई. परभनीला न्या, नांदेडला न्या. बैलगाडीत घालून नाशकाला न्या."

जळकी मोटार परभणीला न्यायची म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. येईपर्यंत पीक राहत नाही. अशात, कधी न बोलणारा चंद्रप्पा बोलला. "आमचा नंबर ह्या बारीला शेवटाला लावा. म्या थांबतो." एवढंच. पण गावात चंद्रप्पाचं बोलणं क्वचितचं, म्हणून लोकांनी ते नीट ऐकलं. एकेकजण "चालंल, चालंल" म्हणायला लागला. माणिकराव तर सगळ्यांत आधी म्हणाले. पाटलाचा पहिला नंबर जातोय म्हटल्यावर त्यांना आणखी काय हवं होतं! दिनकरराव उठून गेले, पण दुसऱ्या दिवशी अक्का त्यांच्या विहिरीवर वॉर्निश खरवडायला गेली तेव्हा त्यांनी मोटारीच्या खोलीची कडी स्वतः काढून दिली.

नदीकडचा गहू सावरला. वरच्या अंगाचा गेला तो गेलाच, अक्कानं त्या वाळल्या पट्ट्यात उभं राहून आश्रुबाला आणि बायनाबाईला सांगितलं, "हे माझ्यामुळं गेलं. हे मला ध्यानात ऱ्हाईल." बायनाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." तिनं कसल्या अर्थानं म्हटलं हे अक्कानं विचारलं नाही.

दर बाजाराला अक्का सकाळी खरवडणी आणि वॉर्निशची शिशी घेऊन शिवारात निघायची आणि काटे फिरवून आल्यावरच सोनपेठला जायची. डीपीला नंतर धक्का लागला नाही. नंबर फिरत फिरत एका बाजारानंतर पाटलाची मोटार शेवटी आली. त्या आठवड्यात लाईटनं तर ताळच सोडला होता. पाटलाच्या गड्यानं सांगितलं, मोटार उठत नाही. दिनकररावांचा विश्वास बसला नाही. ते स्वतः रानात जाऊन बसले. गव्हात दाणा भरत होता आणि शेवटचं पाणी उरलं होतं. सगळ्या शिवारातल्या मोटारी एकामागून एक उठताना त्यांनी ऐकल्या, आश्रुबाची ऐकली, माणिकरावांची ऐकली, आणि आपली उठायच्या आत लाईट गेलेली पाहिली. दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही गेले.

त्या संध्याकाळी ते अक्काच्या ओसरीपाशी आले. अक्का तार गुंडाळत होती. पाटील आता भांडणार असं धरून तिनं दोन-तीन उत्तरं तयारही केली. ते बसले नाहीत. पटक्याचं टोक हातात धरून उभे राहिले.

"अक्का, आश्रुबा असाच बसत व्हता का रोज?"

"व्हय."

"आन् त्यानं काटा फिरवला न्हाई?"

"न्हाई फिरवला."

दिनकररावांनी ओसरीवरच्या उघड्या मोटारीकडं पाहिलं. अक्काची उत्तरं तोंडातच राहिली.

"म्या फिरवला असता," ते म्हणाले, आणि वस्तीच्या रस्त्यानं चालू लागले.